फर्माईशीचे गाणे : वाद्यवृंद, नाट्यपद आणि जाखडी

चिपळूण तालुक्यातील अलोरे हे गाव कोयना जलविद्युत् प्रकल्पाच्या वसाहतीमुळे बाहेरच्या जगाला परिचित झाले. पोफळीचे भूमिगत वीजगृह आणि कोळकेवाडीचे धरण ही दोन्ही याच परिसरात आहेत. अशा प्रकल्पवसाहतीत देशावरचा, वऱ्हाडातला आणि मराठवाड्यातला माणूस एका आळीत राहू लागतो, आणि सार्वजनिक उत्सवाच्या मंडपात या सर्वांना एकदम रिझवील असे काही हवे असते. कोकणचे नमन वऱ्हाडी माणसाला अनोळखी. घाटावरचा तमाशा कोकणी गृहिणीला रुचेलच असे नाही. उरते ते चित्रपटगीत आणि भावगीत. वाद्यवृंद, म्हणजेच लोकांच्या तोंडचा ऑर्केस्ट्रा, अशा ठिकाणी का रुजतो, याचे कारण अभिरुचीच्या ऱ्हासात शोधण्यापूर्वी वस्तीच्या या घडणीत शोधावयास हवे.

वाद्यवृंदावरील नेहमीचा आक्षेप असा की, तेथे तीच ती गाणी ऐकविली जातात. प्रेक्षकांतून चिठ्ठ्या येतात, निवेदक त्या वाचतो, आणि हजारदा ऐकलेले गीत हजार एकाव्या वेळी सुरू होते. आक्षेप वस्तुस्थितीला धरून आहे. परंतु चिठ्ठीत केवळ गीताचे नाव नसते, चिठ्ठी पाठविणाराचेही असते. १९५२ मध्ये रेडिओ सिलोनवर ‘बिनाका गीतमाला’ आणि १९५७ मध्ये ‘विविध भारती’ सुरू झाल्यानंतरच्या काळात झुमरीतलैया हे नाव देशभर गाजले, ते तेथून येणाऱ्या फर्माईशींच्या पत्रांमुळे. (तेही अभ्रकाच्या खाणींचे आणि धरणाचेच गाव, हा योगायोग नोंदण्यासारखा आहे.) आपले आणि आपल्या गावाचे नाव चारचौघांत उच्चारले जावे, ही फर्माईशीमागील इच्छा गाण्याच्या इच्छेहून कमी बलवत्तर नसते. तेव्हा पुनरावृत्तीचा सगळा दोष श्रोत्याच्या कानावर ठेवणे न्याय्य नव्हे.

शिवाय, ओळखीचेच गाणे मागणे ही वाद्यवृंदाने लावलेली सवय नाही. संगीत रंगभूमीवर ‘वन्समोअर’ची प्रथा तिच्या पुष्कळ आधीची. ‘मानापमान’ (१९११) आणि ‘स्वयंवर’ (१९१६) यांतील पदे प्रेक्षकांना मुखोद्गत होती. तरीही बालगंधर्वांकडून ती पुन्हा पुन्हा मागून घेतली जात आणि प्रयोग उत्तररात्रीपर्यंत लांबत. पण दुसऱ्यांदा म्हटलेले पद पहिल्याची प्रतिकृती नसे. मुखडा तोच, शब्द तेच. आलाप आणि हरकत मात्र नवी. प्रेक्षक जुनेच मागे आणि त्याला नवे मिळे. कथानकाची त्यात जी हानी होई, तिची चर्चा मराठी नाट्यसमीक्षेने विपुल केली आहे. संगीताचा जो लाभ होई, त्याची त्या मानाने थोडी.

याच रंगभूमीचा दुसरा पुरावा छापील नाट्यपुस्तकांत आहे. तेथे पदाच्या माथ्यावर ‘चाल’ म्हणून एखाद्या पूर्वप्रसिद्ध गीताचे नाव दिलेले आढळते. ‘शाकुंतल’कर्त्या किर्लोस्करांनी १८८० मध्ये साकी, दिंडी आदी श्रोत्यांच्या कानात बसलेल्या चाली निःसंकोचपणे वापरल्या; ‘स्वयंवरा’त भास्करबुवा बखल्यांनी ख्यालाच्या बंदिशींवर पदे बसविली. परिचित स्वरावलीत अपरिचित शब्द बसविण्यात त्या काळी कोणालाही कमीपणा वाटत नव्हता.

अलोऱ्याच्या भोवतालच्या वाड्यांत ही रीत आजही जाखडीत, म्हणजेच बाल्यानाचात, पाहावयास मिळते. मध्ये बसलेले गायक आणि ढोलकीवाला, त्यांच्याभोवती एका पायात चाळ बांधून फेर धरणारे गडी, आणि शक्तीवाले व तुरेवाले यांचे सवालजवाब, असे तिचे रूप. गण आणि गौळणीनंतर शाहीर एखाद्या गाजलेल्या चित्रपटगीताची चाल उचलतो आणि प्रतिपक्षाला तीत प्रश्न घालतो. शुद्धतावादी अभ्यासकाला हे भ्रष्ट वाटते. वस्तुतः श्रोत्याला चाल आधीच ठाऊक असल्यामुळे त्याचे सारे लक्ष शब्दांवर आणि कोटीवर राहते. शाहिराला नेमके तेच हवे असते. ओळख येथे नव्याची वाहक होते.

वाद्यवृंदाची गोष्ट येथेच वेगळी पडते. त्याच्यापुढे आदर्श असतो तो ध्वनिमुद्रिकेचा. जुन्या तबकडीच्या एका बाजूस तीन-साडेतीन मिनिटांचे गाणे मावत असे. त्या यांत्रिक मर्यादेने ठरविलेली लांबी आणि दोन कडव्यांमधील वाद्यसंगीताचे तुकडे हेच गीताचे प्रमाण रूप होऊन बसले. आरंभीचा वाद्यमेळ सुरू होताच, गायकाने तोंड उघडण्यापूर्वीच, टाळी पडते. ही टाळी ओळखीला असते. गायकाची थोरवीही ‘अमक्याचा आवाज’ या बिरुदाने मोजली जाते. ‘मेलडी मेकर्स’ या वाद्यवृंदातून पुढे आलेले सुदेश भोसले यांना १९९१ च्या ‘हम’ चित्रपटात अमिताभ बच्चन यांच्यासाठी पार्श्वगायन करण्यास मिळाले, ते त्या आवाजाच्या नकलेच्या बळावर. ज्यांची नक्कल साधते त्यांना हे दार उघडते. ज्याचा आवाज कोणासारखाच नाही, अशा गुणी गायकाला मात्र वाद्यवृंदात जागा मिळणे कठीण. पुनरावृत्तीपेक्षा ही हानी अधिक गंभीर आहे आणि टीकाकारांचे तिच्याकडे दुर्लक्ष झाले आहे.

वाद्यवृंदातील वादकांविषयी एक गोष्ट त्यांच्या बाजूने सांगितली पाहिजे. ध्वनिमुद्रणात मोठ्या ताफ्याने वाजविलेले संगीत सात-आठ जणांनी मंडपात उभे करावयाचे, तर कोणता स्वरसमूह राखावा, कोणता गाळावा, व्हायोलिनचा भरणा अॅकॉर्डियनवर किंवा पुढच्या काळात की-बोर्डवर कसा उतरवावा, हे ठरवावे लागते. ही खरीखुरी संगीतरचना होय. मात्र ती जितकी यशस्वी, तितकी अदृश्य. श्रोत्याला ती जाणवली, तर ‘हुबेहूब’ झाले नाही असे तो म्हणतो.

अलीकडे कराओकेने हे वादकही अनावश्यक ठरविले आहेत. वाद्यमेळ आता तयार मिळतो. पण त्याच वेळी ध्वनिक्षेपकासमोर निवृत्त कारकून किंवा शाळेतील शिक्षिका उभी राहू लागली. त्यांच्याकडून हुबेहूब गाण्याची अपेक्षा कोणी करीत नाही. बेसूर झाले तरी आवाज त्यांचा स्वतःचा असतो, आणि ओळखीच्या माणसाचे ओळखीचे गाणे म्हणून मंडप ते कौतुकाने ऐकतो. एखाद्याला कडवे संपल्यावर रंगून धृपद पुन्हा आळवावेसे वाटते. पण यंत्रातील वाद्यमेळ तोवर पुढच्या कडव्याकडे निघून गेलेला असतो.