हरित बंदर आणि दर टनाचा हिशेब

मघाशी आपण केंद्र सरकारची २०२३ ची ‘हरित सागर’ मार्गदर्शक तत्त्वे पाहिली. त्यातलं जहाजांना किनाऱ्यावरून वीज देण्याचं कलम आम्हाला मनापासून पटतं. धक्क्याला लागलेलं जहाज दिवे, पंप, रीफर कंटेनर यांच्यासाठी स्वतःचे जनरेटर चालू ठेवतं, आणि तो धूर बंदरालगतच्या वस्तीच्या नाकातोंडात जातो. तो थांबला तर चांगलंच. (ती वीज कोळशाची असली, तर धूर फक्त गाव बदलतो, ते असो.)

आमचा आक्षेप आहे तो मोजपट्टीला. २०३० पर्यंत कार्बन उत्सर्जन ३० टक्के कमी करायचं, पण कशामागे? हाताळलेल्या दर टन मालामागे! आता करा गणित. दर टनामागे ३० टक्के घट झाली आणि माल दुप्पट झाला, तर एकूण उत्सर्जन ४० टक्के वाढतं. बंदर मात्र कागदावर हिरवंच.

वाढवणचंच घ्या. तिथे समुद्रात सुमारे १,४४८ हेक्टर भराव टाकायचा आहे. १९९८ मध्ये डहाणूच्या पर्यावरण प्राधिकरणानं इथलं बंदर नाकारलं होतं. त्याच प्राधिकरणानं २०२३ मध्ये अटींसह परवानगी दिली. उद्या तिथल्या क्रेन विजेवर चालतीलही. पण भरावाखाली जाणारा मासेमारीचा पट्टा दर टन कार्बनच्या आकड्यात दिसणार कुठे? एकूण उत्सर्जन आणि बुजवलेला समुद्र, हे दोन आकडे बंदरानं दरवर्षी जाहीर करावेत, मग ‘हरित’ची पाटी लावावी, एवढंच आमचं मागणं आहे.