अडचण कोणाची, अडथळा कोणाचा?

वाट अडवणारे मराठी शब्द एकापुढे एक मांडून बघा. त्यातले कितीतरी लाकडाचे निघतात. अडसर म्हणजे दाराला आतून लावायचा आडवा दांडा. खोडा म्हणजे कैद्याचे पाय अडकवायचा ओंडका. आडकाठीच्या तर नावातच काठी आहे. या वस्तू आपोआप आडव्या येत नाहीत, कोणीतरी त्या लावतं. म्हणून आजही 'अमक्या कामात खोडा घातला' असं म्हटलं की ऐकणारा लगेच विचारतो, कोणी?

विघ्नालाही चेहरा आहे. जुन्नर तालुक्यातल्या ओझरच्या गणपतीची कथा अशी, की हरलेल्या विघ्नासुराने आपलं नाव देवाच्या नावाला जोडावं अशी विनंती केली, आणि देव विघ्नेश्वर झाला. विघ्न म्हणजे तिथे चक्क एक असुर आहे. त्याच्याशी लढता येतं, त्याला हरवता येतं.

'अडचण' मात्र नुसती येते. कर्ता नाही, हात नाही, काठी नाही. 'माझी अडचण केलीस' असं आपण म्हणतो, पण ते घरातल्या, हक्काच्या माणसाला. बाहेरच्या जगात अडचण ही हवामानासारखी असते.

हा शब्द वाईट आहे असं मला म्हणायचं नाहीये. 'सध्या जरा अडचण आहे' असं म्हणून कोणी उसने पैसे मागतं, तेव्हा समोरचा खोदून विचारत नाही. किती कर्ज, कोणाचं, कशापायी, हे सगळं त्या एका शब्दामागे झाकलं जातं आणि मागणाऱ्याची मान ताठ राहते. इतकी माया फार थोड्या शब्दांत असते.

पण पाळीलाही 'अडचण' म्हणतात, तिथे ही माया पातळ होते. 'तिला अडचण आहे' या वाक्यात अडतं काय? तिचं काहीच नाही. अडते ती पूजा, नैवेद्य, देवघराची वाट. शरीर तिचं, अडचण घराची, आणि शब्द मात्र तिच्या नावावर.

खरी गंमत सरकारी मराठीत आहे. दाखला मिळत नाही, सर्व्हर बंद आहे, निधी आलेला नाही: 'तांत्रिक अडचण'. त्याच खिडकीपाशी वैतागलेला माणूस हुज्जत घालून धक्काबुक्कीवर आला की बातमी येते, 'सरकारी कामात अडथळा'. भारतीय दंडविधानाचं कलम ३५३ बातम्यांमध्ये याच नावाने ओळखलं जायचं. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेत ते कलम १३२ झालं. धक्काबुक्कीवर गुन्हा व्हावा, याबद्दल वाद नाही. माझा मुद्दा शब्दांच्या वाटपाचा आहे. नागरिकाचा होतो तो अडथळा: त्याला आरोपी असतो, कलम असतं, तारीख असते. कार्यालयाची असते ती अडचण, आणि तिला कोणीच नसतं.

म्हणून मला १८८३ सालचा जोतीराव फुल्यांचा 'शेतकऱ्याचा असूड' भाषेसाठीही महत्त्वाचा वाटतो. शेतकऱ्याच्या दैन्याला फुले 'अडचण' मानून सोडत नाहीत. भट कामगार, ऐषआरामी गोरे अधिकारी, कोर्टकचेऱ्या, धर्माच्या नावाने होणारी वसुली, असं ते एकेकाला पुढे उभं करतात. त्यांची भाषा अनेकांना खडबडीत वाटते. मला वाटतं, तो खडबडीतपणा कर्त्याला वाक्यात ठेवण्यातून येतो. कर्ता काढून टाकला की मराठी चटकन गुळगुळीत होते.

आज शेतीवरचं, नोकरभरतीवरचं, परीक्षांच्या गोंधळावरचं आपलं बरंचसं लिखाण असं गुळगुळीत आहे. 'अनेक अडचणींचा सामना करावा लागतो' हे वाक्य कोणत्याही लेखात, कोणाविषयीही बसतं, आणि त्यावर कोणी रागावत नाही. यापुढे ते वाचताना एक करून पाहा: 'अडचणी'च्या जागी 'अडथळे' घाला आणि पुढे लिहा, कोणी आणले. वाक्य पुरं करता आलं, तर लेखकाने काहीतरी गाळलं होतं. नाही आलं, तर त्याने ते शोधलंच नव्हतं.