दुष्टाचा बाप

खलनायकाच्या नोकरीत एक सोय असते. नायकाचे केस पिकले की त्याच्या हाती नारळ येतो. खलनायकाचे पिकले की त्याला बढती मिळते. पटत नसेल तर ब्राझीलच्या रुबेन्स दे फाल्कोचं सर्व्हिस बुक उघडून पाहा.

१९७६ साली तिथल्या टीव्ही ग्लोबोवर 'एस्क्राव्हा इझाउरा' म्हणजे 'गुलाम इझाउरा' ही शंभर भागांची मालिका आली. तीत फाल्को झाला लिओन्सिओ. मळ्याचा धनी, इझाउराचा मालक, आणि हात धुऊन तिच्याच मागे लागलेला. तिच्या प्रियकराला संपवायला हा आग लावतो काय, आणि त्या आगीत स्वतःची बायकोही जाते काय! १९८६ साली 'सिन्या मोसा' मालिकेत तो गुलाम बाळगणारा बॅरन झाला. त्याची मुलगी कोण? लुसेलिया सांतोस, म्हणजे पूर्वीची इझाउराच! दहा वर्षांपूर्वी जिचा पिच्छा पुरवला, तिचेच आता तीर्थरूप.

पण पहिला लिओन्सिओ तो लिओन्सिओच. तो ओरडतो तेव्हा एवढं काही वाटत नाही. भीती वाटते ती तो सभ्यपणे बोलायला लागला की. चेहऱ्यावर भाव असा, की खरा अन्याय आपल्यावरच होतोय. मुलगी माझ्या मालकीची, वर मी तिच्यावर प्रेमही करतोय, आणि तरी ती नाही म्हणते! असला दुखावलेला दुष्ट रंगवणं सोपं नाही.

माझी तक्रार आहे ती मालिकेबद्दल. तेव्हा ब्राझीलमध्ये लष्करी राजवट होती आणि सेन्सॉरला 'गुलाम' हा शब्दच खुपत होता. लेखक जिल्बेर्तो ब्रागाला तो संवादांत टाळावा लागला. पूर्वी बायका नवऱ्याचं नाव न घेता चाळीस वर्षं संसार करत, त्यातलाच हा प्रकार. मग जे बोलायचं नाही ते सगळं एकट्या लिओन्सिओच्या खाती टाकलं. कायदा, बाजार, शेजारपाजारचे प्रतिष्ठित मळेवाले, सगळे नामानिराळे. त्यात इझाउरा दिसायला गोरी, शिकलेली. प्रेक्षक हळहळतो तो अशी मुलगी गुलाम कशी म्हणून. इतरांनी गुलाम असायला जणू त्याची हरकत नाही. शेवटी लिओन्सिओ स्वतःला संपवतो आणि गुलामगिरीच संपल्यासारखी वाटते. ब्राझीलमध्ये ती कायद्याने संपायला १८८८ साल उजाडलं.

मालिका पोलंडमध्ये गाजली, चीनमध्ये गाजली. सोव्हिएत रशियात तर लोक गावाबाहेरच्या आपल्या बागायतीच्या तुकड्याला 'फझेंदा' म्हणू लागले. फझेंदा म्हणजे लिओन्सिओचा मळा. जिथे गुलामांच्या पाठी सोलल्या त्या जागेचं नाव कांद्याबटाट्याच्या वाफ्यांना!

२००४ साली दुसऱ्या वाहिनीने इझाउराची कथा पुन्हा काढली. दिग्दर्शक जुनाच, एर्व्हाल रोसानो. लिओन्सिओ मात्र नवा. मग फाल्कोला काय काम? लिओन्सिओच्या बापाचं! मला ही निवड फार आवडते. या बापाचा इझाउराच्या आईवर डोळा असतो. म्हणजे पोराने नवं काहीच केलं नाही, घरची रीत चालवली. जुन्या प्रेक्षकाला तर बापाच्या गादीवर लिओन्सिओचाच ओळखीचा चेहरा दिसला असणार, एक पिढी आधीचा. फाल्को २००८ साली वारला, म्हणजे ही बढती त्याला अगदी उतारवयात मिळाली.