जालन्याच्या बागांच्या भिंती

जालन्याविषयीं गॅझेटिअरांतून जी माहिती मिळते ती थोडक्यांत अशी : काळी मशीद, हमाम व सराई जमशेदखानानें १५७८ सालीं बांधलीं, मोती तलाव व तेथून शहरांत आणलेले भूमिगत नळ त्याचेच, किल्ला काबीलखानानें आसफजाहाच्या आज्ञेनें १७२५ त पुरा केला, आणि त्यास फारसी शिलालेखाचा आधार आहे. बागांच्या वांट्यास मात्र फळांची वाखाणणी तेवढी येते.

ही मांडणी आम्हांस सदोष वाटते. तलाव, नळ, हौद व बाग हें एकच बांधकाम आहे. उताराची जमीन भिजवावयाची तर तिला पायऱ्या पाडाव्या लागतात, व प्रत्येक पायरीची माती भिंतीनें अडवावी लागते. त्यांतून जालन्याची जमीन काळी. पावसाळ्यांत ती फुगते, उन्हाळ्यांत भेगाळते. पाणी निघून जाण्यास भोंकें नसलीं तर भिंत पोट काढते. सबब अशी भिंत पुनःपुन्हां उतरून रचावी लागते. एका शिलालेखावरून किंवा एका खानाच्या नांवावरून तिचा काळ ठरविणें धाडसाचें होय. शिलालेख किल्ल्याचा काळ सांगतो, शेजारच्या बागेचा नव्हे. शिवाय या दोन सालांत १४७ वर्षांचें अंतर आहे, हेंही विसरतां येत नाहीं.

खरा पुरावा चुन्याच्या, गवंड्यांच्या रोजमुऱ्याच्या व पाणीपाळीच्या यादींत सांपडावयाचा. आमचे संग्राहक सनदा व शिक्क्यांचीं पत्रें जिवापाड जपतात. असल्या यादी मात्र घरखर्चाच्या समजून रद्दींत घालतात. त्यांनीं त्या निदान उतरून घ्याव्या.