प्रबंधाचा आराखडा आणि तटस्थतेचा प्रश्न

पीएच.डी.च्या संशोधन-आराखड्याची समीक्षा करावी असे आपल्याकडे कुणाला वाटत नाही. प्रबंध छापला तर कुठेतरी परीक्षण येते. आराखडा विभागाच्या कपाटात पडून राहतो. पण आपल्या विद्यार्थ्याने काय विचारायचे आणि काय विचारायचे नाही, हे त्या वीस-पंचवीस पानांतच ठरून जाते. म्हणून एखादी वाङ्मयकृती वाचावी तसा मी आराखडा वाचू पाहतो आहे. गेल्या काही वर्षांत वीसेक मुलामुलींचे आराखडे माझ्या हाताखालून गेले. एके काळी माझाही परत आला होता, हेही आधीच सांगून टाकतो.

प्रवेश परीक्षेविषयी फार बोलण्यासारखे नाही. ‘पेट’ असो की ‘नेट’, प्रश्न बहुपर्यायी. कोणत्या ग्रंथाचा कर्ता कोण, नमुनानिवडीचे प्रकार किती, हे गाईड घेऊन पाठ करायचे. दिवसा काम करून रात्री अभ्यासिकेत बसणारी आपली मुले एवढे पाठांतर करतात. जून २०२४ ची ‘नेट’ नऊ लाखांहून अधिक मुलांनी दिली आणि दुसऱ्याच दिवशी ती रद्द झाली. तरी ती पुन्हा बसली. बहुपर्यायी लेखी परीक्षेचा एक गुण मात्र मान्य केला पाहिजे. तिथे आडनाव बोलत नाही. ते बोलते मुलाखतीत. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१६ च्या नियमांनी लेखी परीक्षा नुसती पात्रतेपुरती ठेवली आणि निवड सगळी तोंडी परीक्षेवर सोपवली. त्याच वर्षी दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू विद्यापीठातील नफे समितीने लेखी आणि तोंडी गुणांची तुलना करून, तोंडी परीक्षेत सामाजिक गटांनुसार भेदभावाचा आकृतिबंध दिसतो, असे नोंदवले होते. पुढे २०१८ मध्ये लेखीला ७० आणि मुलाखतीला ३० असे प्रमाण आले. हे कुणी आपण होऊन दिले नाही. विद्यार्थी रस्त्यावर आले, न्यायालयात गेले.

आता आराखडा. प्रास्ताविक, संशोधनाची गरज, उद्दिष्टे, गृहीतके, पूर्वसंशोधनाचा आढावा, व्याप्ती व मर्यादा, संशोधन पद्धती, प्रकरणयोजना, संदर्भसूची. हा साचा वाईट नाही. त्यात आपण काय ओततो, हा प्रश्न आहे. माझ्याकडे आलेल्या दर तीन आराखड्यांत एकाचे शीर्षक ‘अमुक यांच्या आत्मकथनातील दलित जाणीव : एक चिकित्सक अभ्यास’ असे असते. लेखकाचे नाव बदलले की दुसरा आराखडा तयार. आणि गृहीतक काय? तर दलित साहित्यातून वेदना, नकार आणि विद्रोह व्यक्त होतो! हे शब्द एकेकाळी प्रस्थापित समीक्षेच्या तोंडावर फेकलेले शब्द होते. त्यांना किंमत होती, कारण ते नाकारले जात होते. आज ते कुणीही नाकारत नाही. जे कुणी नाकारत नाही ते सिद्ध करायला चार वर्षे कशाला घालवायची? पण समितीला हा आराखडा आवडतो, तो बिनबोभाट मंजूर होतो. मार्गदर्शक खूश, विद्यार्थी खूश. आपल्या साहित्याची याहून मोठी हेळसांड विरोधकांनीही केली नसेल.

दोष फक्त विद्यार्थ्याला देऊन चालणार नाही. साच्याबाहेर गेल्यावर काय होते ते मी पाहिले आहे. माझा मूळ विषय आमच्या तालुक्यातील जलशांच्या गाण्यांचा होता. संशोधन व मान्यता समितीपुढे मी उभा राहिलो. एका ज्येष्ठ सदस्यांनी अत्यंत सौजन्याने विचारले, “तुम्ही त्याच समाजाचे. मग तटस्थता कशी राखणार?” मला उत्तर सुचले नाही. माझ्यानंतर संतसाहित्यावर काम करू पाहणारा एक उमेदवार आत गेला. घरात पिढ्यान्‌पिढ्या वारी. तो बाहेर येऊन आनंदाने सांगत होता, की सर म्हणाले, तुम्हाला तर हा विषय घरातूनच मिळाला आहे. मी दोन महिन्यांत विषय बदलला. पदवी मिळाली, वेतनवाढही मिळाली. तो प्रबंध मी आजवर पुन्हा उघडलेला नाही.

त्या प्रश्नाचे उत्तर मला फार उशिरा सापडले, आणि तेही ज्या ग्रंथाचे नाव आपण भाषणात रोज घेतो त्यात. ९ मे १९१६ रोजी कोलंबिया विद्यापीठात, गोल्डनवायझर यांच्या मानववंशशास्त्राच्या परिसंवादात, पंचवीस वर्षांच्या बाबासाहेबांनी भारतातील जातींवर निबंध वाचला. पूर्वसंशोधनाचा आढावा कसा घ्यावा हे कुणाला शिकायचे असेल तर त्याने या निबंधाची सुरुवातीची पाने वाचावीत. सेनार्ट, नेसफिल्ड, रिस्ले आणि केतकर यांच्या व्याख्या ते समोर ठेवतात. ‘अमुक म्हणतात, तमुक म्हणतात’ अशी यादी करीत नाहीत. प्रत्येकाने काय पकडले आणि त्याच्या हातून काय निसटले, हे दाखवतात. केतकरांचे श्रेय केतकरांना देतात आणि लगेच सांगतात, की आंतरजातीय विवाहाला बंदी आणि जन्माने सदस्यत्व ही त्यांनी सांगितलेली दोन लक्षणे एकाच नाण्याच्या दोन बाजू आहेत. तेथून ते आपल्या गृहीतकाकडे येतात : जातीतल्या जातीत विवाह हेच जातीचे सार.

याच निबंधाच्या अखेरीस बाबासाहेब तटस्थतेची मागणी करतात. भावनेला शास्त्रात थारा नको, असे ते म्हणतात. आमच्यातले काहीजण हे वाचून दचकतील. पण त्याच परिच्छेदात ते असेही म्हणतात, की कुणी आपला सिद्धांत युक्तिवादाने मोडून दाखवला तर आपल्याला आनंदच होईल. त्यांच्या लेखी तटस्थता म्हणजे हे. संशोधक कोणत्या घरात जन्मला याचा तिच्याशी संबंध नाही; त्याचे विधान खोटे ठरू शकेल इतके उघडे आहे की नाही, याच्याशी आहे. ही कसोटी लावली तर समितीतल्या त्या सदस्यांचा प्रश्न गैरलागू ठरतो. आणि आमचे ‘वेदना-नकार-विद्रोह’ही त्याच कसोटीवर नापास होते, कारण ते खोटे ठरण्याची सोयच ठेवलेली नाही.

‘द प्रॉब्लेम ऑफ द रुपी’ या प्रबंधाचीही गोष्ट येथे आठवते. ऑक्टोबर १९२२ मध्ये लंडनला सादर केलेला हा प्रबंध परीक्षकांनी मार्च १९२३ मध्ये फेरलेखनासाठी परत केला. चरित्रकार सांगतात, की बाबासाहेबांनी मांडणी बदलली, निष्कर्ष बदलले नाहीत. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये तो स्वीकारला गेला. मी विषयच बदलला होता.

गेल्या वर्षी एका विद्यार्थिनीचा आराखडा परत आला. ती जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे. विषय, बाबासाहेबांवरच्या जात्यावरील ओव्या. शेरा होता : ‘लिखित संदर्भसाधनांचा अभाव’. गी पॉइतवाँ आणि हेमा राईरकर यांनी खेड्यापाड्यांतून एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या आहेत. त्यात बाबासाहेबांवरच्या ओव्याही आहेत. समितीला हे ठाऊक नव्हते. खेदाने सांगतो, मलाही ऐनवेळी आठवले नाही.

पण त्या संग्रहाने तिचे काम संपत नाही. तिच्या आईच्या गावात पिठाची गिरणी आली आणि जाते उंबऱ्याबाहेर गेले. मग ओवी कुठे गेली? विहारात बायका म्हणतात त्या भीमगीतांत तिचे शब्द, तिची चाल उतरली, की ती जात्याबरोबरच संपली? तिचे गृहीतक पहिल्या बाजूचे आहे. ते चुकीचेही ठरेल, आणि म्हणूनच मला ते मोलाचे वाटते.

नव्या मसुद्यात तिने ‘मर्यादा’ या शीर्षकाखाली लिहिले होते : संशोधक याच समाजातील आहे. मी ते वाक्य तिथून खोडले आणि ‘संशोधन पद्धती’त टाकायला सांगितले. गाणाऱ्या बायका तिच्या मावश्या-आत्या आहेत. कोणती ओवी कुणासमोर म्हणायची नाही, हे तिला माहीत आहे. ते कसे माहीत आहे, आणि त्यामुळे तिला काय ऐकू येणार नाही, हेही तिने तिथेच लिहावे असे सुचवले. समितीची बैठक दिवाळीनंतर आहे.