‘पाहिजे’ची चिकित्सा : अल्बर्ट एलिस यांच्या समुपदेशनाची भाषिक बाजू

अल्बर्ट एलिस (१९१३–२००७) यांनी १९५५ च्या सुमारास न्यूयॉर्कमध्ये मांडलेली आणि मराठीत ‘विवेकनिष्ठ मानसोपचारपद्धती’ या नावाने रूढ झालेली उपचारपद्धती प्रौढ माणसाच्या ताणाकडे त्याच्या वाक्यांतून पाहते. नोकरी जाणे, निवृत्ती, घटस्फोट या घटना माणसाला परस्पर अस्वस्थ करीत नाहीत. घटना व अस्वस्थता यांच्यामध्ये त्याने स्वतःशी उच्चारलेले एक वाक्य असते, हे तिचे गृहीतकृत्य होय. या विचाराचे ऋण एलिस यांनी एपिक्टेटस या स्टोइक तत्त्वज्ञाकडे मोकळेपणाने दिले आहे. मधले वाक्य इच्छेचे असेल तर माणूस दुःखी होतो. ते हट्टाचे झाले की कोलमडतो. म्हणून उपचारक इंग्रजी ‘मस्ट’ पकडतो आणि त्याला पुरावा मागतो.

इंग्रजीत ‘वॉन्ट’ आणि ‘मस्ट’ ही वेगळी क्रियापदे आहेत. एलिस यांचा भेद शब्दकोशानेच अर्धा करून ठेवलेला आहे. मराठीत तसे नाही. ‘मला चहा पाहिजे’ ही इच्छा, ‘मला हे जमले पाहिजे’ ही सक्ती, शब्द एकच. ‘पाहिजे’ हे मूळचे ‘पाहणे’ या धातूचे जुने कर्मणि रूप, म्हणजे ‘पाहिले जाते, शोधले जाते’. शोधापासून गरजेपर्यंत आणि गरजेपासून बंधनापर्यंत त्याचा प्रवास झाला, पण मागचे मुक्काम त्याने सोडले नाहीत. ‘हवे’ची स्थिती फारशी निराळी नाही. ‘बढती मिळायला हवी होती’ या वाक्यात हळहळ आहे की तक्रार, हे व्याकरण सांगू शकत नाही. हट्टाचा भार बहुधा ‘च’ या एकाक्षरी अव्ययावर पडतो, आणि तेही अनेकदा उच्चारातल्या आघातातच राहते. कि. मो. फडके यांनी एलिस यांचे विचार मराठी वाचकांपर्यंत नेले हे मोठेच काम. परंतु शब्द पकडण्याचे तंत्र मात्र भाषेबरोबर जसेच्या तसे येत नाही.

याचे दुसरे उदाहरण काहीसे गमतीचे आहे. एलिस व रॉबर्ट हार्पर यांनी आपल्या लोकप्रिय ग्रंथाची १९७५ ची आवृत्ती ‘टु बी’ या क्रियापदाचे एकही रूप न वापरता लिहिली. ‘मी नालायक आहे’ म्हणू नये, ‘मी या कामात चुकलो’ म्हणावे, हा हेतू. मराठी माणूस ‘मी नालायक’ एवढेच म्हणून थांबतो. क्रियापद नाही, आणि वाक्य पूर्ण आहे!

अधिक गंभीर आक्षेप ‘च पाहिजे’ला सरसकट विकार मानण्याविषयी आहे. ‘संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे’ ही घोषणा याच रचनेची, आणि १ मे १९६० रोजी राज्य झाले. अन्याय सोसावा असे एलिस यांनी म्हटलेले नाही. जे बदलता येईल ते बदलावे, असेच त्यांचे सांगणे. तरीही त्यांच्या कसोटीत न्याय्य मागणी आणि आत्मघातकी हट्ट यांना वेगळे करणारी भाषिक खूण नाही. ती क्रियापदात शोधणेच चुकीचे आहे. १९८२ च्या संपानंतर काम गमावलेल्या गिरणी कामगाराच्या तोंडी दोन वाक्ये कल्पावीत : ‘थकबाकी मिळालीच पाहिजे, नाहीतर कोर्टात जाऊ’ आणि ‘गिरणी सुरू झालीच पाहिजे, नाहीतर माझ्या जगण्याला अर्थ नाही’. ‘च’ दोन्हींत आहे. एकाचे ‘नाहीतर’ कृतीकडे जाते, दुसऱ्याचे स्वतःच्या मोलाकडे.

एलिस यांनी या उत्तरार्धाची दखल घेतली आहे, पण मूळ दोष ‘मस्ट’मध्ये धरून त्याला दुय्यम फलित मानले आहे. मराठीपुरता हा क्रम उलटावा लागतो. अडचण अशी, की समोरचा माणूस ‘नाहीतर’ क्वचितच उच्चारतो. ‘मुलाने ऐकलेच पाहिजे’ म्हणून तो गप्प होतो. तेव्हा उपचारकाने त्या ‘पाहिजे’शी वाद घालण्यापूर्वी विचारावयाचा प्रश्न साधा आहे : आणि नाही ऐकले, तर?