मापनयंत्रांची नावे : एक अर्थविचार

वस्तूचे नाव वस्तूचा परिचय करून देते, ही आपली सर्वसाधारण समजूत. पिंपरी-चिंचवड व चाकण या औद्योगिक पट्ट्यात वावरणाऱ्या इलेक्ट्रॉनिक मापनयंत्रांची नावे पाहिली असता ही समजूत तपासून घेणे अगत्याचे वाटते.

मराठीत अशी नावे घडविण्याची एक सरळ रीत आहे. तापमापी, दाबमापी, वर्षामापक या शब्दांत पूर्वपद मोजावयाची गोष्ट सांगते, उत्तरपद मापनाची क्रिया. व्यापारी नावांत ही व्यवस्था मोडते. पिंपरीच्या क्रोने मार्शलची प्रवाहमापके घ्या : ऑप्टिफ्लक्स, ऑप्टिमास, ऑप्टिसॉनिक. एन्ड्रेस हाउझरची घ्या : प्रोमॅग, प्रोमास, प्रोसॉनिक. येथे मापनवाचक पद गळले आहे. उत्तरपद राशी किंवा तत्त्व सुचविते. पूर्वपद केवळ घराणे सांगते. ऑप्टिफ्लक्स विद्युत्‌चुंबकीय तत्त्वावर चालते. 'ऑप्टि' वाचून एखाद्या विद्यार्थ्यास प्रकाशशास्त्र आठवले, तर दोष त्याचा नव्हे. नाशिकच्या ऋषभ इन्स्ट्रुमेंट्सने तर 'रिश' हे पूर्वपद योजिले आहे. संस्कृत शब्द तोडून उरलेला हा तुकडा स्वतः निरर्थक आहे, तथापि कुलचिन्ह म्हणून तो पुरेपूर काम देतो.

याहून निराळा प्रकार फोर्ब्ज मार्शलच्या 'एफिमॅक्स' या नावात दिसतो. यंत्र बाष्पित्राची कार्यक्षमता मोजते. नाव मात्र ती कमाल होईल असे सुचविते. मोजल्याने कार्यक्षमता वाढत नाही, मोजून योग्य उपाय केल्याने वाढते. नावाने ही मधली पायरी गाळली आहे. मापनयंत्राचा पहिला गुण तटस्थता. त्याच्या नावाने आश्वासन द्यावे, हे अर्थदृष्ट्या विसंगत होय.

या दुर्बोधतेस कंपन्यांची हौस एवढेच कारण नाही. १९९९ च्या व्यापारचिन्ह अधिनियमाचे नववे कलम केवळ मालाचा प्रकार, गुण वा उपयोग सांगणाऱ्या चिन्हाची नोंदणी सामान्यतः नाकारते. अर्थात 'दाबमापी' हा शब्द दाबमापीसाठी कोणा एकाच्या मालकीचा होऊ शकत नाही. म्हणून कंपनीस अर्थ झाकावा लागतो, पण पुरता लपविताही येत नाही. ग्राहकाने ओळखले पाहिजे.

भाषा मात्र उलट दिशेने चालते. 'मेगर' हे १९०३ साली इंग्लंडात नोंदलेले व्यापारचिन्ह. आज विद्युत्‌कामगार कोणत्याही कंपनीच्या निरोधनमापकास मेगर म्हणतो. अँपिअर, व्होल्ट व ओहम यांच्या आद्याक्षरांतून १९२३ च्या सुमारास निघालेला 'अॅव्हो' हाही असाच सामान्यनाम होऊन बसला. कंपनी सामान्य शब्दाचे विशेषनाम करू पाहते. वापरणारा विशेषनामाचे सामान्यनाम करतो.

या ओढाताणीत मराठीचे स्थान कोठे? परिभाषाकोशांतील शब्द यंत्रशाळेपर्यंत क्वचितच पोहोचले. ती जागा व्यापारी नावांनी व्यापिली. परंतु कायद्याने जी जागा सर्वांसाठी मोकळी ठेविली आहे, ती सामान्यनामाचीच आहे. 'ऑप्टिफ्लक्स प्रवाहमापी' असे लिहिले, तर विशेषण कंपनीचे राहील व विशेष्य आपले. शिकाऊ कामगारास यंत्र काय मोजते हे नावातच कळेल. ही जागा आपण भरली नाही, तर ती रिकामी राहणार नाही; दुसरी भाषा ती भरील. परिभाषेच्या अभ्यासकांनी म्हणूनच आधी भोसरीच्या यंत्रशाळेतील शब्द टिपावेत, मग नवे घडवावेत.